एकाच छपराखाली

मी संगणकाचा गाभा बोलतोय. जाणकार मला कर्नल म्हणतात. मी पडद्यावर दिसत नाही. पण कळ दाबा, चिठ्ठी छापा, ते माझ्याच हातून होतं. माझी सगळी कामं एकाच छपराखाली, मध्ये भिंत नाही. म्हणून मी चपळ. निदान तेव्हा तसं वाटायचं.

१९९९ साली श्रीशैल नावाच्या तरुण प्रोग्रॅमरनं मला त्याच्या खोलीत जुळवलं, गडहिंग्लजजवळच्या एका दूधसंस्थेसाठी. दुधाची फॅट मोजणाऱ्या मशीनशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यानं माझ्या आतच बसवला. काम झटपट व्हायचं.

"पोरा, नाव काढलंस की," अध्यक्ष बसलिंगाप्पा म्हणाले. श्रीशैल सुखावला. मीही. सुखावायला नको होतं का, अजून कळत नाही.

एका सकाळी उंदरानं फॅट मशीनची तार कुरतडली. ड्रायव्हर बिथरला आणि शेजारच्या कामांची जागा खरवडत सुटला. भिंत नव्हतीच. वजनाचा काटा, चिठ्ठ्या, सारं थिजलं. टँकर रिकामाच गेला, दूध नासलं.

"दुखणं एकाला आन् अंथरुणाला समदं घर?" दूध घालायला आलेली बनाबाई किटली आपटत म्हणाली.

श्रीशैलनं दुसरा गाभा रचायला घेतला. तो अगदी लहान; प्रत्येक काम वेगळ्या खोलीत, मध्ये निरोप्या. एक खोली कोसळली तरी बाकीच्या उभ्या. त्यात त्याची काही वर्षं गेली, केसही गेले. बसवला तेव्हा त्यानं मुद्दाम तार उपसून दाखवली. काटा चालूच राहिला. मला हेवा वाटला.

पण संस्थेचा संगणक जुना. निरोप खोल्या-खोल्यांतून फिरायचे, चिठ्ठी रेंगाळायची. रांग रस्त्यावर गेली.

"म्हशी दावणीला हंबारत्यात. मागचंच लाव," बसलिंगाप्पा म्हणाले.

"अण्णा, ते परत पडंल."

"पडंल तवा बघू की."

श्रीशैलनं मला परत बसवलं. मी जिंकलो असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. पुढे तो रोज सकाळी दूध यायच्या आधी येऊन तार बोटांनी चाचपायचा. भिंतीच्या जागी त्याची बोटं होती.

गेल्या वर्षी तो पुण्याला गेला. आता तार कुणी बघत नाही. ती जाते त्या कपाटामागं खुडबुड चालते. मला ओरडता येत नाही, फक्त पडता येतं. रांगेतल्या पावण्यांनो, किटली खाली ठेवून तेवढं कपाटामागं बघा.