अटक झालेली बरी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विल्मा हॅस्केट शेरीफच्या कचेरीतल्या काचेच्या खिडकीशी आली आणि तिनं आपल्या मुलाला अटक झाली आहे का, ते विचारलं. झाली असावी अशी तिची इच्छा होती. तसं तिनं स्पष्टच सांगितलं.

खिडकीच्या आत माइटे उर्किदी होती. नोंदींचं काम तिच्याकडे आहे. आमच्या ॲल्डर काउंटीत त्या खिडकीशी येणारे लोक बहुतेक उलट्या बाजूचे असतात: अमक्याला अटक झालीच नव्हती, किंवा झाली असली तरी ती नोंद कोणाला दिसू नये, असं म्हणणारे. आमच्या साप्ताहिकात आठवड्यातल्या अटका छापून येतात, त्यासाठी मी दर मंगळवारी तिथल्या बाकावर बसून यादी उतरवून घेतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः ऐकलं. उरलेलं त्या दोघी बहिणींनी नंतर सांगितलं.

दुसरी बहीण म्हणजे डॉट. विल्माहून चार वर्षांनी मोठी, आणि गाडी तिची. किनाऱ्याकडून निघून दोघींनी अख्खं राज्य आडवं ओलांडलं होतं.

त्यांना यायला कारणीभूत झाली ती आमचीच एक बातमी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या कालव्याच्या भुयारी नळाची दुरुस्ती करताना मजुरांना एका पुरुषाचं प्रेत सापडलं. वय पंचवीस ते चाळीस, उंची सहा फुटांच्या आसपास, अंगावर ओळख पटेल असं काही नाही. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला कालव्याचं पाणी बंद करतात आणि एप्रिलात सोडतात. माणूस पाणी वाहतं असतानाच मेला, असं शवतपासणी अधिकाऱ्याचं मत होतं. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याआधी.

विल्माचा मुलगा कोल्बी एकतीस वर्षांचा, सहा फूट एक इंच. सप्टेंबरात त्यानं निरोप पाठवला होता की इथल्या एका कांद्याच्या शेडमध्ये काम मिळालंय. त्यानंतर काहीच नाही. सावत्र बाप वारल्यावर त्या बापाची जुनी पिकअप गाडी विल्मानं विकली, त्यावरून मायलेकांचं वाजलं होतं, म्हणून आधी तिला वाटलं, रुसलाय. मग बातमी वाचली. तिनं आपल्या गालाच्या आतला नमुना डीएनए तपासणीला दिला. उत्तर यायला दोन महिने लागतील असं कळलं.

दोन महिने थांबायची तिची तयारी नव्हती. तिनं सरळ हिशेब मांडला होता. ऑक्टोबरनंतर कोल्बीला कुणी कुठेही पकडलं असेल, तर कालव्यातला माणूस तो नव्हे. आणि कोल्बी अधूनमधून पकडला जायचाच, कधी झोपायला जागा नाही म्हणून, कधी तोंड आवरत नाही म्हणून.

"तुरुंगाची यादी मी रोज सकाळी उघडून बघते," ती माइटेला म्हणाली. "कधीच नाव नव्हतं."

ही चूक आमच्याकडे सगळेच करतात. संगणकावर दिसणारी यादी आत असलेल्यांची असते. माणूस सुटला की नाव पुसलं जातं, आणि तुरुंगात जागा कमी असल्यामुळे किरकोळ गुन्ह्याचा माणूस संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नाही. सकाळी कॉफीबरोबर यादी बघणाऱ्याला तो दिसायचाच नाही. झालेल्या अटकांची नोंद वेगळी असते, आणि ती कुणीही मागू शकतं. माइटेनं हे समजावून सांगितलं, नाव आणि जन्मतारीख घेतली आणि शोधलं.

काही निघालं नाही.

विल्मानं खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. माइटे घाईघाईनं म्हणाली की आमच्याकडे नाही म्हणजे अटक झालीच नाही असं नव्हे. शेरीफचे लोक पकडतात ते इथे येतं. पण काउंटीतल्या तीन गावांचे पोलीस वेगळे, महामार्गाचे वेगळे, आणि मूळ रहिवासी जमातीच्या राखीव जमिनीवरचे वेगळे. प्रत्येकाची नोंद ज्याच्या त्याच्याकडे. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज करायचा, त्यात साधारण तारीख आणि ठिकाण द्यायचं. तारीख नसेल तर अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जाऊन बसतो, आणि उत्तर कधी येईल ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

तारीखच तर विल्माकडे नव्हती.

डॉट बाकावरून म्हणाली, "मुलगा तुरुंगात असू दे म्हणून देवाला साकडं घालणारी तू पहिलीच, विल्मे. बाबा असते तर म्हणाले असते, आता तरी पोरीला अक्कल आली."

"तू गप बस, डॉट."

"मी कुठं काय म्हणतेय? पण त्या पोलिसांची मला कीव येते. कोल्बीला धरायचं म्हणजे आधी त्या कुत्र्याला धरायला हवं. त्या कुत्र्याशिवाय हा संडासलासुद्धा जात नाही."

माइटेनं मान वर केली. कुत्रा कुठला, असं तिनं विचारलं.

गुरं वळणाऱ्या जातीचा, राखाडी, एक कान तुटका. नाव सार्जंट. कोल्बी त्याला कुठेच सोडत नाही.

माइटेनं खुर्ची मागे सरकवली. माणसं पकडणारे सहा जण असले, तरी काउंटीत कुत्र्यांचा कोंडवाडा एकच आहे. कुणीही कुणाला पकडलं आणि त्याच्याबरोबर जनावर असलं, की ते रस्त्यावर सोडता येत नाही. मालक सुटेपर्यंत ते कोंडवाड्यात ठेवावं लागतं. तिनं फोन उचलला, मग ठेवून दिला आणि म्हणाली, "लिऑन फोन घेत नाही. तुम्ही जाऊनच या. जत्रेच्या मैदानामागे. आणि बाई, तुटका कान आधी सांगा, नाव नंतर. त्याच्या लक्षात कुत्रीच राहतात."

मैदानामागचा रस्ता चिखलाचा होता. डॉट वाटेत एकसारखी बोलत होती, असं डॉटनंच मला सांगितलं. कोंडवाड्याचा लिऑन टिबेट्स रबरी बूट घालून पाण्याच्या नळीनं फरशी धूत होता. विल्मानं तुटका कान म्हटल्याबरोबर त्यानं नळी बंद केली.

"सार्जंट," तो म्हणाला. "माझ्या आधीच्या बुटांचं त्यानं काय केलं ते दाखवू का? ठेवलेत मी. येईल त्याला दाखवतो."

विल्मा तिथल्या खाद्याच्या पोत्यावर बसली. कधी, असं तिनं विचारलं. लिऑनला महिना आठवत होता, तारीख नाही. जानेवारी. त्या आठवड्यात पाण्याची भांडी गोठत होती. त्यानं आतून कार्ड आणलं. नायलंड गावच्या पोलिसांनी अकरा जानेवारीला कुत्रा आणून ठेवला, मालक ताब्यात असल्यामुळे. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः येऊन घेऊन गेला.

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"मीच दिला की त्याच्या हातात. उंच पोरगा. दाढी. अर्धं सँडविच खात होता, उरलेलं अर्धं कुत्र्याला दिलं. मी म्हटलं, त्याला काही द्यायच्या लायकीचं नाही ते जनावर. तर म्हणतो, माझ्या घरच्यांसारखाच आहे, आधी चावतो."

डॉट हसली. विल्मानं विचारलं, "हातमोजे होते का त्याच्या हातात?"

लिऑननं बराच विचार केला. "नाही आठवत, बाई. खोटं कशाला सांगू."

तेवढ्यावरही विल्मा उठली, त्याला मिठी मारली आणि तिच्या कोटाला ओल्या फरशीचा साबण लागला. गाडीत बसल्यावर ती रडली. डॉटनं गाडी सुरू केली नाही. नंतर दोघींनी मैदानासमोरच्या खाणावळीत मटणाचा रस्सा आणि पाव खाल्ला. विल्मा आठवड्याभरात पहिल्यांदा नीट जेवली आणि वर गोड म्हणून ॲपल पायसुद्धा मागवला.

पण लिऑनची आठवण शवतपासणी अधिकाऱ्याला पुरणार नव्हती. दाढीवाले उंच पुरुष काउंटीत पुष्कळ, आणि कुत्रा चोरताही येतो, असं तो फोनवर म्हणाला. त्याचं बोलणं कठोर वाटलं तरी रास्त होतं. त्याला अटकेची नोंद हवी होती. ती करताना बोटांचे ठसे घेतात, आणि कोल्बीचे जुने ठसे राज्याकडे होतेच.

आता विल्माकडे तारीख होती, ठिकाण होतं. नायलंडच्या पोलीस ठाण्यात तिनं त्याच दुपारी अर्ज दिला. तिथल्या माणसानं अर्ज वाचला आणि नातं विचारलं. माइटेनं सांगून ठेवलं होतं की नातं सांगायची सक्ती नाही, अटकेची नोंद कुणालाही मिळते. विल्मानं तरीही सांगितलं. "आई," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, मग परवा या, मी स्वतः काढून ठेवतो.

गुरुवारी दोन कागद आणि एक फोटो मिळाला. अकरा जानेवारी, पहाटे. बंद झालेल्या लाँड्रीत कपडे वाळवायच्या यंत्राला टेकून झोपलेला आढळला. बाहेर जायला सांगितलं असता गेला नाही, अधिकाऱ्याशी हुज्जत घातली. ठसे जुळले होते. फोटोत कोल्बी दाढी वाढवून कॅमेऱ्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू चूक कॅमेऱ्याची आहे.

"हे तर बाबा," डॉट म्हणाली. "लग्नाच्या फोटोत अगदी असेच दिसतात."

विल्मानं फोटोवरून अंगठा फिरवला. "बारीक झालाय."

"झाला असेल. जिवंत आहे ना? मेलेला माणूस हुज्जत घालत नाही, विल्मे."

जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायची जागा कोल्बीनं कोरी ठेवली होती. विल्माला ती दिसली. तिनं कागदांची घडी घातली आणि ती पर्समध्ये ठेवली.

शुक्रवारी अधिकाऱ्यानं कळवलं की कालव्यातला माणूस कोल्बी हॅस्केट नाही, तिचा नमुना यादीतून काढला आहे. दोघींच्या मोटेलच्या खोलीतून इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या खोलीतल्या ट्रक चालकानं भिंत ठोकली. मग कारण कळल्यावर तोच बिअरचे कॅन घेऊन आला. विल्मानं माइटेला फोन केला, लिऑनलाही केला. त्यानं चक्क उचलला.

कोल्बी आता कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. कांद्याच्या शेडमधलं काम नोव्हेंबरातच संपलं होतं. लाँड्रीच्या मालकिणीनं त्याला पुन्हा पाहिलेलं नाही. पण त्याच कागदावर खटल्याचा क्रमांक होता, आणि त्यावरून न्यायालयाच्या कचेरीनं सांगितलं की पहिल्या सुनावणीला तो हजर होता, वकील मिळावा म्हणाला होता, आणि त्याची पुढची तारीख सोमवारी सकाळी आहे.

त्या दोघी राहिल्या. विल्मानं बाजारातून हातमोजे आणि कुत्र्याचं खाणं घेतलं. डॉट म्हणाली, आला नाही तर हे खाणं तूच खा.

आज सोमवार, न्यायालय नऊला उघडलं. भिंतीवर लावलेल्या यादीत कोल्बी हॅस्केट सातव्या क्रमांकावर आहे. न्यायालयानं त्याला दिलेला बचावाचा वकील आला आहे. अशील येतोय की नाही हे त्यालाही माहीत नाही, फोन लागत नाही. दोघी बहिणी मागच्या बाकावर दाराकडे तोंड करून बसल्या आहेत. ही ओळ लिहीपर्यंत चौथं नाव पुकारलं गेलं आहे.