बांधाखालची तार

सोसायटीच्या ऑफिसात सत्यभामाने डब्याच्या स्क्रीनवर बोट टेकवलं आणि मेंढरांच्या मागोमाग सरकवत नेलं. म्हाळू धनगराचा कळप ओढा ओलांडून शिवेच्या वाटेला लागला होता. जमिनीखालच्या तारेला खुरांची थरथर लागत होती आणि रेघेवर बारीक कुसळं उठत होती. आसारामच्या बांधावरून ती थरथर पुढे आली, मोहनरावाच्या बांधापाशी पोचली आणि पुसल्यासारखी गेली. रेघ सपाट. जरा वेळाने पलीकडच्या बांधावर पुन्हा उगवली.

तिने म्हाळूला फोन लावला.

"म्हाळूभाऊ, मेंढरं कुठं हायेत?"

"मोहनरावाचं रान आत्ताच सोडलं. कावून?"

"तिथं बसली होती का?"

"बसायला काय हाय तिथं? हाकीत आणली की समदी."

तिने फोन ठेवला; मेंढरं चालत गेली होती, तरी तेवढ्याच बांधावर रेघ सपाट होती. मोहनराव तिचा सख्खा भाऊ, आणि पाणी सोसायटीचा चेअरमन.

चैत्रात खंडोबाच्या देवळात अख्ख्या गावाने बेल-भंडारा उचलला होता. पाऊस पडेपर्यंत रानातली एकही बोअर चालवायची नाही, भुईतलं पाणी गावच्या विहिरीला, माणसांना आणि जनावरांना राहू द्यायचं. पहिला बेल उचलला तो मोहनरावाने. सत्यभामाच्या मोटारीचे फ्यूजही त्यानेच स्वतः येऊन काढून नेले. "घरापासून सुरुवात दिसली पायजे लोकांना," म्हणाला. नवरा गेल्यावर तिने एकटीने वाढवलेली मोसंबीची बाग उन्हाळ्यात पार वाळून गेली. सरपणासाठी झाडं तोडताना ती रडली, पण दादाला एका शब्दाने बोलली नाही.

भंडाऱ्याची आण पुरेशी नाही, हे गाव जाणून होतं. म्हणून वडवणीच्या कृषी मेळाव्यात बघितलेला तो डबा सोसायटीने मागवला. डब्याबरोबर पुण्याची एक इंजिनिअर मुलगी आली होती. डब्यात नखाएवढी चिप आहे, तिच्यात विजेऐवजी उजेड फिरतो, असं तिने देवळाच्या ओट्यावर समजावून सांगितलं. उजेडाच्या वाटा चिपवरच कोरलेल्या. तिथून तो काचेच्या तारेत शिरतो आणि सगळ्या शिवारातून जाऊन परत येतो. कुठे मोटार घरघरली, कुठे पाऊल पडलं, की तार थरथरते, परतणारा उजेड बदलतो आणि चिप जागा दाखवते.

"फक्त तारेला माती घट्ट भिडलेली पाहिजे," ती म्हणाली होती. "मध्ये पोकळ राहिलं, तर तार तेवढ्यात बहिरी."

मोहनरावाने तेच वाक्य दोनदा ओरडून सगळ्यांना ऐकवलं होतं. मग गावच्या रिवाजाप्रमाणे ठरलं की ज्याच्या बांधाला जेवढी तार, त्याने तेवढी पुरायची. दुसऱ्याच्या बांधात कुदळ कोण घालणार?

डबा सांभाळायचं काम सत्यभामाकडे आलं. रेघ रोज शांत होती, तरी विहीर खाली खाली चालली. परवा विहिरीवर रतनबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "डबा हिच्या हातात. ही झाकायली कुणाला तरी." बाया घागरी उचलून बाजूला सरकल्या. मोहनराव तिथेच उभा होता. बहिणीच्या बाजूने तो एक शब्द बोलला नाही. खाली वाकून चपलेतला खडा काढत राहिला.

सत्यभामाने ऑफिसला कुलूप लावलं, खुरपं घेतलं आणि भावाच्या बांधावर गेली. रानात पिकावरचं जाळीचं शेडनेट चारी बाजूंनी बंद होतं. आतलं सगळं वाळलं, असं तो सांगत असे. वारा तिकडून आला आणि ओल्या मातीचा वास आला. अशा वर्षी तो वास लपत नाही.

ती खाली बसून उकरू लागली. माती भुसभुशीत होती. वीतभर खाली सुतळीने बांधलेलं कापड लागलं, आत तार. कापडाचा थर जाड होता, माती तारेला शिवतच नव्हती. तिने चिखलाचा पोपडा काढला तशी हिरव्या लुगड्याची किनार दिसली, आणि तिच्यावरून गेलेले तिरके टाके.

आई वारली तेव्हा तिची लुगडी जोडून सत्यभामाने ही गोधडी दादासाठी शिवली होती. त्याने तिच्या पट्ट्या फाडल्या होत्या.

पाणी चोरलं याचा राग नंतर आला. आधी तिने त्या टाक्यांवरची माती पुसली. पुरायला कापडच पाहिजे होतं, तर घरात पोती काय थोडी होती?

तिने एकेक पट्टी सोडवली. तार उघड्या मातीत ठेवली, माती ओढली आणि पायाने दाबून दाबून बसवली.

सकाळी मोहनराव नेहमीसारखा सोसायटीत आला. दारात चपला काढल्या, टोपी नीट केली.

"काय म्हणतोय डबा? समदं गप ना?"

"बघ की दादा."

त्याच्या बांधाच्या जागी रेघ एकसारखी थरथरत होती, मोटार चालावी तशी. 

"म्हाळूची मेंढरं असतील," तो म्हणाला.

"ती व्हय?" सत्यभामाने दाराकडे बोट केलं. बाहेर लिंबाच्या सावलीत कळप बसला होता आणि म्हाळू तंबाखू मळत होता.

मोहनराव खुर्चीकडे वळला. खुर्चीवर हिरव्या पट्ट्या एकावर एक घडी करून ठेवल्या होत्या. तो उभाच राहिला.

"लई जपून ठेवली होतीस रे," ती म्हणाली. 

तेवढ्यात रतनबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन दारात आली.

"आज तरी काही दिसलं का गं त्या डब्यात?"

 सत्यभामाने भावाकडे बघितलं. आता तरी तो बोलेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

मोहनराव खाली वाकला आणि चपलेतला खडा काढू लागला. पाय अनवाणीच होते.

सत्यभामाने स्क्रीन दाराकडे फिरवली.