सोमीच्या दोरीतल्या गाठी

मी, नवशा, जर म्हणालो की आज ऊन कडक पडणार, तर आमच्या गावातल्या बायका वाळत घातलेले बोंबील आधी उचलतात. तारापूरच्या खाडीकाठी माझी पत ही एवढी. आता जी गोष्ट सांगतोय ती खरी आहे. हे मी प्रत्येक गोष्टीच्या आधी म्हणतो, तेही खरं आहे.

विपुल माझ्या शेजारच्या सोमीचा मुलगा. बाप समुद्रावर गेला तो परतला नाही, तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. सतरावं लागल्यावर तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आला, माझ्या हाताखाली. तिथलं काम सोपं दिसतं. दीडशे किलोची लादी डब्यातून सुटते, लाकडी उतारावरून सुसाट येते आणि खाली एक माणूस ती अडवून क्रशरकडे वळवतो. हाताने अडवली तर मनगट जातं, पायाने अडवली तर पाय. कंबर तिरकी द्यायची, अशी की लादीलाच वाटावं, वळायचं आपल्याच मनात होतं. मला हे जमायला सहा वर्षं लागली. विपुलला सहा दिवस.

पुढे तो बोईसरला एका कंपनीत शिफ्टला गेला, तिथून जहाजावर. एका हिवाळ्यात त्याचं जहाज उत्तरेकडच्या बंदरात बर्फात अडकलं. त्या देशाचं नाव मी तीन वेळा पाठ केलं आणि तिन्ही वेळा दात हलले. बंदरातले लोक पायात पात्या बांधून, काठ्या घेऊन बर्फावर एका रबराच्या चकतीमागे धावत होते. त्यातला एक रेडा विपुलच्या अंगावर आला. विपुलने सवयीने कंबर दिली. रेडा कठड्यापलीकडे जाऊन पडला, आणि पडल्या पडल्या उठून टाळ्या वाजवायला लागला. तो त्यांच्या संघाचा कप्तान होता.

इथे मी थोडं वाढवलं असेल. पण दोन हिवाळे शिकून विपुल त्यांच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये पगारी बचावपटू झाला, हे कागदावर आहे. पहिलं वर्षभर तो नुसता पडायचा. फक्त बरोब्बर माणसावर पडायचा.

विपुलचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, कारण सोमीला कमी ऐकू येतं. पहिल्या सामन्यानंतर ती धावत आली, हाताला मासळीचा वास तसाच.

"भाऊ, गोल किती केले त्यानं?"

"सोमे, तो गोल करत नाय. दुसऱ्याला करू देत नाय. अडवतो."

"अडवतो?" ती ओट्यावर बसली. "येवढ्या लांब जाऊन अडवतो? ते तर आमच्या दारातलं कुत्रं पण करतं."

बाजारातल्या बायकांनी तेच उचललं. तानी म्हणाली, "सोमी, तुझा पोरगा साहेबाच्या देशात राखणदार हाय ना गं?" सोमीने पाटी उचलली आणि घरी आली. दोन दिवस ती बाजारात गेलीच नाही. चूल पण थंड.

तिसऱ्या दिवशी फोन आला. विपुल म्हणाला, "जिंकलो, काका." मी सोमीला जाऊन सांगितलं, "एक गोल केला तुझ्या लेकानं."

एकच खोटं. माझ्यासारख्याला ते शिंक आल्यासारखं. पण सोमीने नवऱ्याची जुनी दोरी काढली. होडी परतली की तो मासळीची एकेक पाटी उतरवायचा आणि दारातल्या या दोरीला एकेक गाठ मारायचा. तिने त्याच्या शेवटच्या गाठीच्या पुढे चार बोटं जागा सोडली आणि एक गाठ मारली. मग मला थांबता येईना. संघ जिंकला की एक गोल, सोमीला ताप असला की दोन. अकरा हिवाळ्यांत दोनशे बारा गाठी झाल्या.

विपुल गेल्या वर्षी परतला. डोक्याला इतका मार बसला होता की तिथल्या डॉक्टरांनी खेळ बंद करायला लावला. गुडघा वाकत नव्हता. सोमीने दारातच दोरी त्याच्या हातात दिली.

"मोज. सगळे तुझे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छपरातली पाल बघत होतो. त्याने दोरी गळ्यात घातली. संध्याकाळी मात्र मला बंदरावर घेऊन गेला आणि हसला. हसताना वरचे दोन दात नव्हते.

"काका, एक बी नाय. अकरा वर्षांत एक बी गोल नाय."

"ठाऊक हाय रे."

"आयेला सांगू नका." मग तो पाय लांबवून धक्क्यावर बसला. "काका, डोकं जातंय माझं. सकाळचं दुपारी नसतं. पण मी काय करायचो ते तुमाला ठाऊक हाय. अंगावर कोण बी येवो, मागं गोलकीपर हाय म्हणून मी हललो नाय. कुणी टाळी वाजवली नाय, पण मागचा माणूस रोज धड घरी गेला. हे माझं तुमच्याजवळ ठेवा. मी विसरलो तर सांगा मला."

गावात दीड हजार माणसं, आणि त्याने खरं ठेवायला घर शोधलं ते माझं. मी हो म्हणालो.

पावसाळ्यापर्यंत त्याचं डोकं बरंच गेलं. एकदा बोईसर स्टेशनबाहेर उभा राहिला आणि कुठल्या रिक्षात बसायचं ते आठवेना. शेवटी एक यूपीचा रिक्षावाला "अरे, ये तो तारापूर साईड का हॉकीवाला है" म्हणत घरी सोडून गेला. सोमी रोज संध्याकाळी त्याला दारात बसवायची आणि त्याची बोटं गाठींवरून फिरवायची. "हा पहिला. हे दोन माझ्या तापातले. एकाच दिवशी." तो मान हलवायचा. एके दिवशी त्याने स्वतःहून तिला सांगितलं, "हा डाव्या कोपऱ्यातून मारला होता, आये."

तो डाव्या कोपऱ्यातला गोल माझा होता. चार वर्षांपूर्वी तानीसमोर रंगवलेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बंदरावर नेलं. "विपुल, तू गोल करत नव्हतास. तू अडवायचास. तूच सांगितलंस मला, इथेच बसून."

तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. "काका, वय झालं तुमचं. दोरी हाय ना."

"दोरी मी बनवली रे. माझी थाप हाय ती."

"तुमी तर थापाच मारता," तो म्हणाला आणि प्रेमाने माझा खांदा थोपटला.

मी कारखान्यात लाद्या सोडणाऱ्या केदारला सांगितलं, तानीला सांगितलं, अगदी कारखान्याच्या मॅनेजरला सांगितलं. सगळे पोट धरून हसले. "नवशाकाका, ही बाकी भारी हां! म्हणे एक बी गोल नाय!" सोमीपर्यंत गेलं तेव्हा तिने माझ्याशी बोलणं टाकलं. आयुष्यभर मी जे विकलं त्यालाच गिऱ्हाईक. आणि एवढी एक खरी वस्तू हातात, ती कुणी फुकट घेईना.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघायच्या दिवशी सकाळी कारखान्यात गर्दी होती. सोमी उताराच्या पायथ्याशी वाकून बर्फाचा चुरा पाटीत भरत होती. विपुल भिंतीला टेकून उभा, दोरी गळ्यात. वर केदारच्या हातातून लादी धरायची लोखंडी आकडी सटकली. लादी सुटली. मी ओरडलो, पण सोमीला ऐकू गेलं नाही, आणि बाकीच्यांनी माझं ओरडणं कधी मनावर घेतलंय?

विपुलने वर पाहिलंसुद्धा नाही. तीन पावलं टाकली, आईच्या पुढे आला, तो मोडका गुडघा रोवला आणि कंबर तिरकी दिली. अशी कंबर मी कुणाचीच पाहिली नाही, माझीही नाही. लादी वळली, खांबावर आपटून फुटली. विपुल ओल्या फरशीवर कोसळला. गुडघा नको त्या बाजूला वळला होता.

मी त्याच्याजवळ पोचलो तेव्हा तो घामाने चिंब, आणि चेहरा लहान मुलासारखा उजळलेला.

"काका, गोल झाला?"

चाळीस माणसं बघत होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "नाय रे बाबा. अडवलास. गोल नाय, अडवलास तू."

त्याचा चेहरा विझत गेला. त्याने मान वळवून आईला विचारलं, "आये, झाला ना?"

"झाला रे राजा," सोमी म्हणाली. तिने त्याच्या गळ्यातली दोरी ओढली आणि दोनशे तेरावी गाठ मारली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण तो आता काठीशिवाय उठत नाही. संध्याकाळी दारात बसतो, गाठी मोजतो आणि शेवटच्या गाठीवर बोट आलं की थांबतो. कंबर किंचित तिरकी करतो. का, ते त्याला ठाऊक नसतं. मग मला हाक मारतो, "काका, हा कसा मारला होता सांगा ना."

मी ओट्यावर बसतो आणि सांगतो, डाव्या कोपऱ्यातून.