कॅरियरवरची जागा

दत्तात्रय मोघ्यांनी जन्मभर नापतोल, म्हणजे वजनमापांच्या, खात्यात इन्स्पेक्टरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. उज्जैनच्या माधव नगरातल्या भाजीवाल्याच्या तराजूकडे ते अजून अशा नजरेने बघायचे की बिचारा स्वतःहून दोन मिरच्या जास्त टाकायचा. अशा माणसाने जुन्या सायकलला विजेची मोटार लावायची ठरवली, म्हणजे दुकानदाराची साडेसाती सुरू झाली असंच समजायचं.

दुकान फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. मालक माणिकभाई. बाजार खुला झाल्यापासून गल्लीबोळात चीनचा माल आला होता. खेळणी आली, घड्याळं आली, आणि आता जुन्या सायकलला पळवणाऱ्या मोटारींची खोकीसुद्धा आली. मोघे रोज संध्याकाळी जाऊन त्या खोक्यांपुढे उभे राहायचे. किती वजन ओढते? एकदा चार्ज केली की किती लांब जाते? पुलाचा चढ चढेल का? बॅटरी उन्हात तापली तर?

"मोघे साब," माणिकभाई एकदा वैतागून म्हणाला, "आप तो ऐसे पूछ रिये हो जैसे लड़की का रिश्ता करना हो."

माणिकभाईला ठाऊक नव्हतं, पण प्रकरण त्याहून मोठं होतं. मोघे चिंतामण गणपतीला नवस बोलले होते.

दोन वर्षांपूर्वी उषाबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, इंदूरला ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली होती. त्या दिवसांत मोघे एकटेच चिंतामणला गेले. तिथली रीत उज्जैनमध्ये पोरासोरांनाही माहीत आहे: मागणं मागायचं तर देवळामागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, आणि मागणं पुरं झालं की येऊन सुलट काढायचा. मोघ्यांनी उलटा काढला आणि मनात म्हणाले, 'हिला बरी कर. चैत्रातल्या बुधवारी हिला ह्याच सायकलवर डबलसीट आणीन आणि हिच्या हाताने सुलट काढवीन.'

आता देवाने काही सायकलची अट घातली नव्हती. ती ह्यांनीच घातली. पण लग्न झाल्यापासून चैत्राच्या जत्रेला दोघं ह्याच काळ्या सायकलवरून गेली होती. कॅरियरवर उषाबाईंनी भैरवगढच्या छापील कापडाची गादी शिवून बांधलेली, त्यावर त्या एका बाजूला पाय सोडून बसायच्या, आणि क्षिप्रेच्या पुलाचा चढ आला की मोघे मान न वळवता म्हणायचे, "पदर आवर." वर्षानुवर्षं तेच दोन शब्द. पदर चाकात कधी गेला नाही, आणि मोघे म्हणायचे कधी चुकले नाहीत.

उषाबाई बऱ्या झाल्या. नवस फेडायचा तो चैत्र आला, आणि नेमकं मोघ्यांच्याच छातीत कळ आली. डॉक्टरांनी सायकल बंद केली, डबलसीटचं तर नावच काढायचं नाही. तो चैत्र गेला. दिवाळीनंतर उषाबाईंचं दुखणं परत उलटलं, आणि ह्या खेपेला इंदूरच्या डॉक्टरांनी फाइल मिटून ठेवली. "घर ले जाइए. जो खाने का मन हो, खिलाइए."

मोघ्यांच्या मनाने घेतलं की नवस थकला म्हणूनच दुखणं परतलं. शिकलासवरला माणूस, विज्ञानाचा पदवीधर, पण बायको डोळ्यांदेखत वाळत असताना पदवी कोण काढून बघतो? दुसऱ्याच्या मापात खोट सापडली की दंड करणारा हा माणूस. देवाला द्यायचं माप आपण कमी भरलं, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. चैत्र संपायच्या आत उषाला सायकलवरून न्यायचं. पाय चालत नाहीत तर मोटार चालेल.

आणि हे कुणाला सांगायचं नव्हतं. मनात बोललेला नवस फिटेपर्यंत तोंडातून काढला की फुकट जातो, असं त्यांची आई सांगायची. उषाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "सायकलला मोटार बसवतोय."

उषाबाई खाटेवरून म्हणाल्या, "आता ह्या वयात कुठं हिंडायला निघालात?"

"असंच. घरात बसून बोअर होतं."

त्या भिंतीकडे कुशीवर वळल्या. बायकोच्या आजारपणात घरात बसून बोअर होतं म्हणणाऱ्या नवऱ्याला काय बोलणार? पण मोघ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते वजनाच्या हिशेबात होते. उषा आता किती हलकी झाली आहे हे त्यांना डॉक्टरांच्या कागदावरून ठाऊक होतं, आणि मोटारीच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे असा विचार एकदा मनात येऊन गेला, तेव्हा ते मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

माणिकभाईकडे तीन तऱ्हेचे माल होते. सगळ्यात स्वस्त होतं ते मागच्या टायरवर रूळ घासून चाक फिरवणारं. ते टायर खाईल आणि चढावर घसरेल म्हणून मोघ्यांनी बाद केलं. दुसरी मोटार पायडलपाशी बसणारी, ताकदीची, पण तिची किंमत ऐकून मोघ्यांनी चष्मा काढून पुसला. तिसरी पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारी. बॅटरी कॅनव्हासच्या पिशवीत घालून दांड्याखाली टांगायची. किंमत झेपणारी, ओढ बऱ्यापैकी. मोघ्यांनी तीच पसंत केली. ती मात्र इंदूरहून मागवावी लागणार होती.

"चलाओगे अकेले ही न?" माणिकभाईने विचारलं.

मोघे अडखळले. दोघांसाठी म्हणावं तर हा विचारणार, डबल कौन, आणि भाभीजींना घेऊन कुठे? आणि एकदा बोलायला लागलं की थांबणार कुठे?

"अकेले," ते म्हणाले. मग खोटं फार होऊ नये म्हणून त्यांनी जोडलं, "थोड़ा सामान रहेगा."

उत्तरेच्या पंचांगाचा चैत्र पौर्णिमेला संपला. चिंतामणची जत्रा उठली, पाळणेवाले गेले, आणि मोटारीचं खोकं अजून इंदूरहून यायचंच होतं. पण मोघे डगमगले नाहीत. इतक्या पिढ्या माळव्यात काढूनही मराठी माणसाचा चैत्र गुढीपाडव्याला सुरू होतो आणि अमावास्येपर्यंत टिकतो. म्हणजे पंधरवडा हातात होता, त्यात दोन बुधवार. गणपती काय दोन्ही पंचांगं ओळखतो, असं ते मनाशी म्हणाले. पहिला बुधवार खोक्याची वाट बघण्यात गेला. खोकं आलं, आणि मोघे सायकल दुकानात ठेवून आले.

समोर उभं राहून काम करून घ्यायचा त्यांचा बेत होता. पण उषाबाईंना उलट्या सुरू झाल्या, घरी सलाईन लावावं लागलं, आणि मोघे दोन दिवस औषधाच्या दुकानाच्या चकरा मारत राहिले. शेवटच्या बुधवारी सकाळी उषाबाईंना जरा हुशारी वाटली. त्यांनी पेज घेतली, उशीला टेकून बसल्या, केस विंचरून घेतले. मोघ्यांना वाटलं, देवानेच दिवस राखून ठेवला. "आलोच मी," म्हणून ते जवळजवळ धावतच फ्रीगंजात गेले.

सायकल दुकानापुढे स्टँडवर उभी होती. पुढच्या चाकात मोटार चकचकत होती. आणि मागे कॅरियरवर लोखंडी पत्रा वेल्डिंग करून त्यावर बॅटरीची काळी पेटी पक्की बसवलेली होती.

मोघे बघतच राहिले.

"ये पीछे क्यों लगाई?"

"अरे साब, आपकी सायकल पुरानी, ब्रेक लोहे की सलाख वाले. थैली बीच में टाँगो तो सलाख में फँस री थी, घुटने में भी लग री थी. पीछे मस्त बैठ गई. परसों घर पे फोन किया था मैंने पूछने को, आप थे नी. भाभीजी ने उठाया."

"क्या कहा उन्होंने?"

"मैंने कहा, भाभीजी, कैरियर पे फिक्स कर दूँ? फिर पीछे कोई बैठ नी पाएगा. साब ने तो कहा है कि अकेले ही चलाएँगे." माणिकभाईने फडक्याने सीट पुसली. "थोड़ी देर चुप रहीं. फिर बोलीं, हाँ हाँ, लगा दीजिए."

"निकालो इसे," मोघे म्हणाले. "अभी निकालो."

"अभी कैसे निकलेगा साब? वेल्डिंग है. वायर उसी नाप की काटी है. दूसरा स्टँड बनवाना पड़ेगा, हफ्ता तो लगेगा." त्यांचा चेहरा बघून तो घाबरला. "गलती हो गई क्या कुछ?"

मापाची चूक होती, पण ती माणिकभाईची नव्हती. मोघ्यांनी मान हलवली. माणिकभाईने आत जाऊन एक पिशवी आणून दिली. तिच्यात कॅरियरवरून सोडलेली भैरवगढची गादी होती, नीट घडी केलेली.

मोघे घरी आले तेव्हा उषाबाई खिडकीतून बघत होत्या. "छान दिसते हो," त्या म्हणाल्या. "आवाजही नाही बिलकुल."

मोघे खाटेच्या कडेला बसले. पिशवी मांडीवर होती. "तू माणिकला हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणणार? तुम्ही एकटेच चालवणार म्हणून सांगितलंत ना त्याला?"

आईची शिकवण त्यांच्या जिभेवर बसून होती, पण हिने असं समजून पडून राहावं हे त्यांना सोसेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं: भिंत, उलटा स्वस्तिक, डबलसीट, आजचा शेवटचा बुधवार. सांगताना ते लहान पोरासारखे हुंदके देत होते.

उषाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की मोघ्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

"मला आधी राग आला होता," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? वाटलं, मी अजून आहे आणि ह्यांनी माझी जागा काढलीसुद्धा. मग रात्री विचार केला, बरंच झालं. माझ्यानंतर हा माणूस भिंतीकडे बघत बसणार नाही. मोटार आहे, हिंडेल, फिरेल. बरं वाटलं हो मला."

"तुला बरं वाटायला नव्हती ती," मोघे कसेबसे म्हणाले. "तू बरी व्हायला होती. रिक्षा आणतो, चल. आत्ता जाऊ."

"आणि नवसात काय बोललात? सायकल ना?" उषाबाई किंचित हसल्या. "आता देवालाच कमी माप देता? आणि अहो, रिक्षात बसायचीही ताकद नाही माझ्यात. सकाळी केस विंचरले तेवढ्यानेच दमले."

मोघ्यांनी पिशवीतून गादी बाहेर काढली.

"तुम्ही जा. जमेल तेवढं तरी फेडून या. ही गादी न्या बरोबर, मीच आले समजा." मग डोळे मिटत त्या म्हणाल्या, "आणि हळू चालवा. एकट्याची सवय नाही तुम्हाला."

शेजारच्या जयूवहिनींना बसवून मोघे निघाले. गादीची पिशवी हँडलला अडकवली होती. मोटार खरंच उत्तम होती; पायडलला पाय नुसता टेकवायचा, की सायकल पुढे जायची. छातीत कळ नाही, धाप नाही. इतकी पारखून वस्तू त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती.

क्षिप्रेचा पूल आला. चढ लागला. सायकल तशीच सहज वर निघाली, आणि मोघे मान न वळवता म्हणाले, "पदर आवर."

मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

मोघे पुलाच्या मध्यावर उतरले. कठड्याला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग सायकल वळवली. चिंतामणच्या भिंतीवर त्यांचा स्वस्तिक उलटाच राहिला, आणि मराठी चैत्रही त्या आठवड्यात संपला. मोटारीबद्दल मात्र तक्रारीला जागा नव्हती. परतीच्या वाटेवर तिने त्यांना कुठेही पाय मारायला लावला नाही.