अस्वलाने घासलेली मोटार

मी एक जुनी काळी मोटार आहे, आणि माझ्या गोष्टीवर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. मित्रांनो, तुम्हीही ठेवणार नाही. माझ्या डाव्या दारावरचा हा लांब ओरखडा अस्वलाचा आहे. ते डोंगरातून उतरलं, माझ्या रंगात त्याने तोंड पाहिलं, आणि समोरचं अस्वल आपल्याहून देखणं आहे हे बघून चिडलं. पुढच्या सीटवर बसलेली छोटी नेवेना आत्ताच नाक मुरडते आहे. मुरडू दे.

माझा रंग होताच तसा. पाकोळ्या मला तळं समजून सूर मारायच्या आणि चोच चोळत परत जायच्या. एक बदक तर माझ्या बॉनेटवर दिवसभर पोहत राहिलं. दमलं, पण ओलं काही झालं नाही.

मला घरी आणलं राडोये आजोबांनी, त्यांची नात जागोदा जन्मली त्या वर्षी. पाळण्यात वाकून ते म्हणाले होते, "तुला लग्नाला चर्चमध्ये मीच नेणार, याच गाडीतून." आजोबा आलुबुखाराची राकिया, म्हणजे घरगुती दारू, गाळायचे. त्यांची तांब्याची भट्टी सोन्यासारखी लखलखायची. आमच्या गावात भट्टी काळी दिसली की मालकाचं तोंड काळं झालं असं समजतात. म्हणून आजोबा ती राखेने आणि व्हिनेगरने घासत, गोल गोल, जसं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं तसं.

जागोदाचं लग्न ठरलं. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भट्टीकडे.

"भट्टी चमकते आणि नातीची गाडी मळकी? हे शोभत नाही."

त्यांनी राख चाळली, बाह्या सरसावल्या आणि मला घासायला घेतलं. बोटातली लग्नाची अंगठी काढली नाही. कष्टाने सुजलेल्या त्या बोटातून ती कधीच निघत नसे. मी ओरडले असते, पण मोटारीचा आवाज हॉर्नमध्ये असतो आणि हॉर्न दाबणारा माणूस राख चोळत होता.

छपराच्या सावलीत मी चमकले खरी. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी उन्हात आणलं, आणि बॉनेटपासून शेपटीपर्यंत अंगभर बारीक वर्तुळं उमटली. जणू कोळ्याचं अख्खं खानदान रात्रभर राबलं होतं.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा भाऊ मिलोये मला सजवायला फुलं घेऊन आला. तो माझ्याभोवती फिरला.

"आजोबा, गाडी धुतली की दळली?"

अंगणातली माणसं हसली. आजोबांनी आयुष्यात कधी मान खाली घातली नव्हती. ते म्हणाले, "रात्री अस्वल आलं होतं."

"गोल गोल पंजे मारणारं?"

"आमच्याकडची अस्वलं तशीच."

त्यांनी माझ्यावर घोंगडी टाकली आणि ते घरात गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत. मित्रांनो, लाजेने लाल व्हावं म्हटलं, तर मी काळी.

दुपारी जागोदा त्यांना शोधत आली.

"पोरी, तू नवऱ्याकडच्या पांढऱ्या गाडीतून जा," आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "हिच्यातून उतरलीस तर लोक तुझ्याकडे नाही, माझ्या करणीकडे बघतील."

"आणि तुम्ही?"

"मी मागून येईन चालत."

जागोदाने घोंगडी ओढून काढली. "बसा गाडीत. ल्युबिन्काकडे जाऊ."

ल्युबिन्का शहरात गाड्यांना पॉलिश करायची. तिने दिवा माझ्या अंगाजवळ धरला. "कोणी केलं हे?"

"अस्वलाने," आजोबा बुटांकडे बघत म्हणाले.

तिने दाराच्या फटीत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "अस्वलाच्या घरी चूल आहे वाटतं."

आजोबांचे कान तांबडे झाले. ती मात्र हसली नाही. "तांब्याला राख चालते, आजोबा. तांबं उघडं असतं. हिच्या रंगावर एक पातळ पारदर्शक थर आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ही वर्तुळं त्यातच आहेत, नख अडकत नाही. ती जातील. दारावरचा ओरखडा खोल आहे. तो घालवायला गेले तर रंगच जाईल. तो राहू द्या."

तिने आधी मला भरपूर पाण्याने न्हाऊ घातलं. मग मलम लावून, मऊ स्पंजाच्या यंत्राने सावकाश एकेक वर्तुळ पुसलं. आजोबा तेवढा वेळ दिवा धरून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे.

लग्नाच्या सकाळी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्या आरशांना नक्षीदार टॉवेल बांधले. मिलोये उन्हात खाली वाकून वर्तुळं शोधत राहिला. त्याला काही सापडेना. शेवटी तो दारापाशी थांबला.

"आणि हा?"

आजोबांची मान पुन्हा खाली गेली. जागोदाने ओरखड्यावर तळवा ठेवला. "अस्वल," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "आमच्याकडची तशीच असतात." मग ती माझ्यात बसली. आजोबांनी किल्ली फिरवली, आणि चर्च येईपर्यंत ते आरशातून मागे तिच्याकडेच बघत होते.

तर मित्रांनो, गाडीवरची धूळ कोरडी चोळू नका. आधी पाणी ओता, मऊ कापड घ्या, राख चुलीतच राहू द्या. आणि आपल्या माणसाची मान खाली गेली असेल तर त्याच्या ओरखड्यावर हात ठेवा. दारावरचा हा ओरखडा मात्र खरोखर त्या अस्वलानेच...

"त्या अस्वलाच्या बोटात अंगठी होती," जागोदाची लेक नेवेना खिडकीतून अंगणाकडे बघत म्हणाली, "आणि ते तिकडे बसून माझ्यासाठी अक्रोड फोडतंय."