वघईची दुपार

आई गेल्यापासून सुलभाबाईंना सुट्टी खायला उठायची. भेस्तानच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं. शाळा आणि घर, एवढंच काय ते जग. त्यामुळे पंच्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "डांगचं जंगल बघायला चला ना आमच्याबरोबर," तेव्हा त्या लगेच तयार झाल्या.

दोन जीप, चार कुटुंबं आणि या एकट्या. उनाईची गरम पाण्याची कुंडं पाहून निघताना एका मुलाला आईजवळ बसायचं होतं, म्हणून बाई पुढच्या जीपमधून मागच्या जीपमध्ये गेल्या. उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. "किती छान!" त्या म्हणाल्या, पण गाडीत भेंड्या रंगल्या होत्या.

वघईजवळ गिरा धबधबा. सगळे फोटो काढण्यात गुंतले. पाण्याकडे बघताना बाईंच्या मनात आलं, आईनं असं काही कधी पाहिलंच नाही. एकदम रडू फुटलं. कोणाला दिसू नये म्हणून त्या दूरच्या खडकाआड जाऊन बसल्या. पाण्याच्या आवाजात हाका, हॉर्न काही ऐकू आलं नाही.

वर आल्या तर जीप नव्हत्या.

"गाडी तो गई, बेन," कणसं भाजणारी बाई म्हणाली.

'येतीलच,' सुलभाबाईंनी स्वतःला समजावलं. बारा वाजले, एक वाजला. रस्त्यावर गाडी वाजली की त्या उठून उभ्या राहत. कणीसवालीनं पैसे न घेता एक कणीस हातात ठेवलं. दोन वाजून गेल्यावर मात्र बाईंचं मन विटलं. "मी बिलिमोऱ्याच्या गाडीनं घरी गेले, असं सांग," असा निरोप तिच्याकडे ठेवून त्या वघई स्टेशनची वाट चालू लागल्या. छोट्या लाइनीची ती गाडी सागाच्या रानातून रमतगमत निघाली. समोरच्या बाकावर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाबाई दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"अहो, थांबायचं ना! सापुताऱ्यापर्यंत पोचलो होतो, तिथून परत आलो आम्ही. मला वाटलं तुम्ही पुढच्या गाडीत, त्यांना वाटलं आमच्या."

"चुकलंच माझं. सगळ्यांची सहल बिघडली." बाईंनी पाणी दिलं. मग न राहवून विचारलं, "मी नाही, हे आधी कोणाच्या लक्षात आलं?"

उज्ज्वलाबाईंनी पेला खाली ठेवला.

"मगनच्या. ड्रायव्हरच्या. जेवायला बसलो तेव्हा त्यानं विचारलं, वो मास्तरीणबेन किधर है?"

चहाचं आधण ठेवायला सुलभाबाई आत गेल्या आणि बराच वेळ आतच राहिल्या.