तांबडी झाली का?

त्यानं कढईतली पिवळी माती उलथन्यानं खालीवर केली, हात थांबवला आणि दाराकडे मान वळवून विचारलं,

"झाली का?"

दारात कोणी नव्हतं. बायकोला जाऊन बरेच दिवस झाले होते, पण मान काही ऐकायला तयार नव्हती.

पिवळी माती नीट भाजली की तिचा गेरू होतो. कमी भाजली तर मातकट राहते, जास्त भाजली तर काळी पडते. कुंभार भांड्यांना, सुतार रेघ मारायच्या दोरीला आणि जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी करणाऱ्या बाई आपल्या कामाला त्याचाच गेरू नेत. आणि गंमत म्हणजे या गेरूवाल्याला तांबडा रंगच दिसत नसे. हिरवी मिरची काय, पिकलेली काय, त्याला दोन्ही सारख्याच. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तो विचारी, ती दारातून "झाली" म्हणे, मग तो कढई उतरवी. तिच्यामागे मात्र त्याला कढई उतरवायचा धीरच होईना. आधीची माती भाजत राहून करपली होती. आज जमलं नाही तर दुकान बंद करून लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. लेक त्यासाठीच आली होती.

"बाबा, चहा निवतोय," ती बाहेर येत म्हणाली.

"आधी इकडे ये. तांबडी झाली का बघ."

"मला काय विचारता? जन्म गेला तुमचा यात!"

"मला तांबडं दिसत नाही गं." तो कढईतच बघत होता. "कधीच दिसत नव्हतं. तुझी आई सांगायची."

लेक हसली. मग एकदम थांबली.

"आई? अहो, तिला मोतीबिंदू होता. शेवटची काही वर्षं तिला सगळं धुरकट दिसायचं. ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही काम सोडाल म्हणायची. का ते आत्ता कळतंय."

"मग 'झाली' कशी म्हणायची?"

"तुमचं उलथनं थांबलं की म्हणायची."

लेकीनं वाकून कढईत पाहिलं.

"झालीय की, छान तांबडी! उतरवा आता." ती हरखून गेली होती. "म्हणजे तुम्हाला एकट्याला जमतं, बाबा. इतकी वर्षं तुम्ही एकटेच करत होतात."

त्यानं कढई उतरवली आणि चुलीपाशीच खाली बसला. बायको गेली त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.